आडव्या मुठीची किटली

सदाभाऊ नाकाड्यांनी मला करून दिलेला पहिला चहा मी त्यांची पाठ वळताच खिडकीबाहेर ओतला. खिडकीखाली त्यांची कोंबडी बसली होती. ती कलकलाट करत उठली. सदाभाऊ वळले नाहीत. नुसते म्हणाले, "बाई, कोंबडीले नाई आवडत तो. तिलेबी देऊन पाह्यला मी."

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत गेला. नागपूरला सुइणीचं शिक्षण घेतलं आणि माझी पहिली नेमणूक झाली ती कोरेवाहीच्या सरकारी दवाखान्यात. हे गाव भामरागडच्या रानात, नदीच्या पलीकडच्या अंगाला. चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. चांद्याहून आलापल्लीपर्यंत लाकडाच्या ट्रकमध्ये, पुढे दोन दिवस बैलबंडीत आणि शेवटी डोंग्यातून नदी ओलांडून मी तिथं पोचले. दवाखान्यात डॉक्टर नव्हता. जागा होती, माणूस येत नव्हता. चार वर्षं तो दवाखाना एकटे कंपाउंडर सदाशिव नाकाडे चालवत होते.

माणूस बुटका, काटक, पस्तिशीचा. अंगात खाकी अर्धी चड्डी आणि पांढराशुभ्र सदरा. त्या चिखलात त्यांचा सदरा पांढरा कसा राहतो ते मला कधी कळलं नाही. दर रविवारी तांब्यात निखारे घालून ते सदऱ्याला इस्त्री करायचे. जायचं कुठंच नसायचं. त्यांच्या खोलीत भिंतीला एकही खुंटी नव्हती. कपडे लोखंडी पेटीत. सकाळी काढायचे, संध्याकाळी धुऊन, वाळवून, घडी घालून परत पेटीत आणि वर पट्टा आवळायचा. मी विचारलं तर म्हणाले, "बदलीचा कागद आला का पेटी उचलाची अन् निंगाचं. सामान आवराले टाइम नको जायला." दर वर्षी पोळ्यानंतर ते बदलीचा अर्ज लिहायचे. चार अर्ज झाले होते. एकाचंही उत्तर नव्हतं.

त्यांची चहाची किटली मी पहिल्या आठवड्यातच पाहिली. गावातले माडिया आदिवासी तिला औषधाचं भांडं समजत, आणि एक म्हातारा तर रोज येऊन तिच्यातलं औषध मागायचा. भाजलेल्या विटेच्या रंगाची, बेलफळाएवढी, बिनझिलईची. एका बाजूला भट्टीतली राख पडून करडा डाग उमटलेला. पण नजरेत भरायची ती तिची मूठ. आपल्या किटलीला मूठ चोचीच्या समोरच्या बाजूला असते. हिची मूठ चोचीपासून काटकोनात, आडवी बाहेर आलेली, पोकळ.

"हे उलटंच आहे," मी म्हणाले.

"धरून पाहा."

मी धरली. अंगठा आपोआप झाकणावर गेला. मनगट जरासं वळवलं की चोच खाली. कोपर उचलायचंही काम नव्हतं.

"आता बोला, कोणाचं उलटं हाये?" सदाभाऊ म्हणाले.

लढाईच्या काळात ते फौजेत दवाखान्याचे शिपाई होते. लढाई संपल्यावर हिंदी पलटणींबरोबर त्यांनाही जपानात पाठवलं, ओकायामा नावाच्या शहरात. शहर बाँबनं अर्धं जळालेलं. तिथल्या एका म्हातारीच्या नातवाचा पाय सडत चालला होता. तो पाय सदाभाऊंनी महिनाभर रोज धुऊन बांधला. म्हातारीचं भांड्यांचं दुकान होतं, म्हणजे दुकानाचं जे उरलं होतं ते. पोरगा चालायला लागला तेव्हा तिनं खुणेनं सांगितलं, एक किटली घेऊन जा.

"मले वाटलं, उचलावी अन् निंगावं," ते सांगायचे. "चांगली चकचकीत उचलली, बगळ्याचं चित्र असलेली. बुढीनं काय केलं, त्याच्यात पाणी भरलं अन् माह्या हातात देल्ली. म्हणे, ओत. मी ओतलं त धार अर्धी कपात अन् अर्धी माह्या बाहीत! बुढी हसली नाई. किटली काढून घेतली अन् दुसऱ्या दिवशी ये म्हणे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यात मोठी निवडली. तीही म्हातारीनं भरून हातात दिली. मनगट थरथरलं. चहा दोघांचा आणि भांडं बारा जणांचं काय कामाचं? तिसऱ्या दिवशी त्यांनी काही उचललंच नाही. एकेक किटली घेऊन पाणी भरून पाहत राहिले. तेव्हा म्हातारीनं शेजारी बसून शिकवलं. झाकण गोल फिरवून पाहायचं, खडखडलं नाही पाहिजे. झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबली पाहिजे. चोचीचं टोक भांड्याच्या काठाहून खाली असेल तर भरतानाच पाणी सांडणार, ती ठेवून द्यायची. आत डोकावून पाहायचं: चोचीच्या मुळाशी मातीलाच बारीक भोकं पाडलेली असतात, तीच गाळणी. भोकं थोडी असली की पानं अडकून बसतात. आणि शेवटी ओतणं थांबवल्यावर चोचीवरून थेंब खाली ओघळता कामा नये.

"थेंब ओघळला का समजाचं, करणाऱ्यानं घाई केली."

सदाभाऊंना हवी ती किटली संध्याकाळी सापडली. मागच्या फळीवर, सगळ्यात साधी. म्हातारीनं ती फडक्यात बांधून दिली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. "आपल्या फौजेतल्या माणसाले तिथी कोणी नमस्कार नव्हतं करत, बाई. भ्यायचे. बुढी भ्याली नाई."

चहाची हिरवी पानं यायची डेहराडूनहून. फौजेतला एक दोस्त तिकडं परत गेला होता, तो दर वर्षी नदी भरायच्या आत एक डबा पाठवायचा. डबा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा, म्हणून दिवसाला एक चमचा पान, दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर. नदीचं पाणी गढूळ. मडक्यात आतून निवळीची बी घासून ठेवलं की दोन तासांत गाळ खाली बसायचा. ते पाणी उकळायचं, पण उकळतं पाणी पानावर कधीच घालायचं नाही. आधी एका कपात, त्यातून दुसऱ्या कपात. कप हातात धरवेल इतपत झाला की मग किटलीत. "उकळतं टाकलं का पान कडू होते. माणसाचंबी तसंच." मग झाकण ठेवून स्वस्थ बसायचं. हलवायचं नाही, ढवळायचं नाही. मग दोन कपांत थोडं थोडं, आळीपाळीनं ओतायचं, म्हणजे एकाला फिकं आणि दुसऱ्याला कडक जात नाही. शेवटचा थेंब निथळेपर्यंत. एक थेंब आत राहिला तरी दुसरा चहा बिघडतो म्हणायचे. ओतून झालं की झाकण जरा तिरपं करून ठेवायचं, आतली पानं वाफेनं शिजू नयेत म्हणून. त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी, जरा गरम, आणि लगेच ओतायचं. उरलेला पाला मीठ-तिखट लावून ते भाताबरोबर खायचे. किटलीला साबण कधीच नाही.

महिन्याभरात मला तो चहा आवडायला लागला. खरं सांगायचं तर चहा नाही, ती अर्धी घटका आवडायला लागली. कारण बाकीचा सगळा दिवस अंगावर यायचा. जूनच्या शेवटी नदी भरली की समोरचा काठ दिसेनासा व्हायचा. मागं दोन नाले, तेही दुथडी. दिवाळीपर्यंत टपाल नाही, मीठ संपलं तर मीठ नाही. छप्पर गळायचं, भिंतींना ओल, अंथरुणाला बुरशीचा वास. ऑगस्टमध्ये एकदा एक बाळ माझ्या हातात गेलं. त्या दुपारी मी माझी पिशवी घेतली आणि सरळ नदीवर गेले. डोंगेवाल्याला म्हणाले, सोड मला पलीकडं. तो माझ्याकडं पाहत राहिला, मग पाण्याकडं. मी ओरडले, रडले, शेवटी चिखलात बसले.

सदाभाऊ आले. समजूत घातली नाही. छत्री माझ्या डोक्यावर धरून स्वतः भिजत उभे राहिले. मग म्हणाले, "पाण्याले आपली घाई मालूम नाई, बाई. मी पह्यल्या वर्षी पोहून जाले निंगालो होतो. ह्या डोंगेवाल्यानंच केसाले धरून काढलं."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा घरचं सांगितलं. गाव कुरखेड्याजवळ. बायको यशोदा, मुलगी सुमी. आईला अर्धांगवायू, ती अंथरुणावर. सासूला सोडून यशोदा इकडं येऊ शकत नव्हती आणि म्हातारीला बंडीत घालून आणणं शक्य नव्हतं. मागच्या सुट्टीत ते घरी गेले तेव्हा आठ वर्षांच्या सुमीनं दारातून आत हाक दिली होती, "माय, कंपाउंडर आला वो!" शेजारीपाजारी त्यांना कंपाउंडर म्हणत, तेच नाव तिला माहीत.

"तिची चूक नाई," सदाभाऊ म्हणाले. "मी तिथी पाहुणाच हावो."

हिवाळ्यात वाटा उघडल्या आणि दौऱ्यावर एक मोठे साहेब आले. बदल्या त्यांच्या हातात. गावाबाहेर आंब्याच्या झाडाखाली तंबू लागला. दवाखाना तपासून झाल्यावर सदाभाऊंनी त्यांना चहा दिला. साहेबांनी एक घोट घेतला आणि कप ठेवला. पण किटली मात्र उचलली. उलटी केली, बुडाखालचं अक्षर पाहिलं, मूठ धरून पाहिली.

"जपानी? अस्सल?"

"हो साहेब. मी स्वतः आणली."

"आमच्या घरी पाहुणे येतात, त्यांना दाखवायला छान आहे." मग सहज विचारल्यासारखं, "नाकाडे, तुझा बदलीचा अर्ज आहे ना?"

"पाच हायेत, साहेब."

"उद्या सकाळी तंबूवर ये. बघू." आणि किटलीकडं बोट करून हसले.

साहेब गेल्यावर सदाभाऊ किटली मांडीवर घेऊन बसून राहिले. मी म्हणाले, "देऊन टाका, भाऊ. मातीचं भांडं आहे. तिकडं तुमची पोर आहे."

"होय," ते म्हणाले. "मातीचंच हाये."

मी ते वाक्य बोलले ते इतक्या वर्षांनी अजून मला आठवतं. तेव्हा वाटलं होतं, मी शहाणपणाचं बोलते आहे.

सकाळी जन्माची नोंदवही घेऊन मलाही तंबूवर बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. सदाभाऊंनी औषधाच्या खोक्यात कापूस भरून किटली आणली होती. बरोबर डेहराडूनच्या डब्यातली अर्धी पानं कागदात. इस्त्रीचा सदरा. साहेबांसमोर उभं राहून ते सांगायला लागले, पाणी किती गरम, पान किती, झाकण तिरपं कसं ठेवायचं. कुठलीही खुशामत त्यात नव्हती. म्हातारीनं त्यांना शिकवलं तसं ते साहेबांना शिकवत होते. साहेब कागदांवर सह्या करत "हं, हं" म्हणत होते. मधेच त्यांनी शिपायाला हाक मारली. "अरे, हिच्यातच आण आज चहा. बघू कसा होतो."

शिपाई किटली घेऊन तंबूमागं गेला. सदाभाऊ बोलायचे थांबले. "साहेब, तो चुलीवर..." एवढंच म्हणाले आणि धावले. मीही मागं गेले. शिपायानं किटलीत दूध, साखर, चहाची भुकटी घालून ती थेट निखाऱ्यांवर ठेवली होती. सदाभाऊंनी हात पुढं केला तेवढ्यात टण्ण असा आवाज झाला. फार मोठा नाही. बुडापासून काठापर्यंत किटली उकलली आणि दूध राखेत पसरलं.

साहेब बाहेर आले. "हे काय? तडकलेलं भांडं आणलंस होय मला द्यायला?"

सदाभाऊ निखाऱ्यांपाशी खाली बसले. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी गप्प बसले. मला तेव्हा माझी नोकरी आठवली, हेही खरं. त्यांनी तुकडे निखाऱ्यातून हातानंच काढले, कापसात गुंडाळले, खोक्यात ठेवले. बोटांना फोड आले होते. जाताना साहेबांना सलाम केला, फौजेतला, टाचा जुळवून.

बदलीचा विषय तिथंच संपला. घरी आल्यावर ठोकल्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले. सदाभाऊ भिंतीत खुंट्या ठोकत होते. चार खुंट्या ठोकल्या आणि पेटीतले सगळे सदरे काढून त्यांवर टांगले. पेटीत आता गहू ठेवायचा म्हणाले, उंदीर फार झालेत. पुढचा पोळा येऊन गेला तरी त्यांनी अर्ज लिहिला नाही.

उन्हाळ्यात डेहराडूनचा डबा आला. त्यांनी तो न उघडता माझ्या फळीवर ठेवला. पाऊस लागला, नदी भरली, आम्ही पुन्हा कोंडले गेलो. दुपारी दवाखाना रिकामा झाला की ते दारात बसून राहायचे. औषध मागणारा तो म्हातारा माडिया रोज यायचा, रिकामी फळी पाहायचा आणि जायचा. एक दिवस तो एकटा आला नाही. बरोबर नारायणा कुंभाराला घेऊन आला. नारायणा सिरोंच्याकडून येऊन गावात राहिलेला, घरात तेलुगू बोलणारा. म्हाताऱ्यानं सदाभाऊंना खोक्यातले तुकडे त्याला दाखवायला लावले. औषधाचं भांडं गावानं परत करून द्यायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं.

नारायणानं तुकडे जुळवून पाहिले. "करतो," म्हणाला.

सदाभाऊ हसले. "नाई होणार. रांजण नाई तो."

चार दिवसांनी नारायणानं पहिली किटली आणली. मूठ वाकडी. सदाभाऊंनी तिच्यात पाणी भरलं आणि नारायणाच्या हातात दिली. "ओत." पाणी नारायणाच्या कोपरापर्यंत गेलं. तो शिव्या देत निघून गेला आणि आठवड्यानं दुसरी घेऊन आला. तिचं झाकण खडखडत होतं. तिसरीची चोच काठाहून खाली. चौथीत भोकं मोठी, पानं कपात आली. तेव्हा सदाभाऊ स्वतः छत्री घेऊन नारायणाच्या छपरीत जाऊन बसायला लागले. गाळणीची भोकं साळिंदराच्या काट्यानं पाडायची ही युक्ती नारायणाची. माती बारीक फडक्यातून गाळून घ्यायची ही सदाभाऊंची. ओलं लाकूड पेटत नव्हतं म्हणून छपरीतच खड्डा करून धानाच्या कोंड्यात भांडी भाजली. दोघं एकमेकांवर ओरडायचे, एक झाडीबोलीत, एक तेलुगूत. मी माझ्या ओसरीतून ऐकायचे. सदाभाऊंना ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

गणपती झाल्यावर एक किटली त्यांनी माझ्याकडं आणली. काळपट, जरा जाड, जपानी किटलीचं रूप तिला नव्हतं. नवी माती पाणी पिते म्हणून त्यांनी तिला तांदळाच्या पेजेत मंद उकळलं होतं. पेजेनं मातीची बारीक छिद्रं बुजतात, हेही त्या म्हातारीचंच. मी फळीवरचा डबा काढला. त्यांनी पाणी या कपातून त्या कपात केलं, पान घातलं, वाट पाहिली. तीन कप: एक माझा, एक नारायणाचा, एक म्हाताऱ्याचा. आळीपाळीनं ओतलं. आम्ही सगळे चोचीकडं पाहत होतो. थेंब टोकाशी लटकला, थांबला, आणि कपात पडला.

नारायणानं चहा तोंडात घेतला आणि अंगणात थुंकला. "याच्यासाठी?" तो म्हणाला. सदाभाऊ इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले.

दिवाळीनंतर माझी बदली झाली, ब्रह्मपुरीला. मी एकच अर्ज केला होता. सही त्याच साहेबांची. कागद हातात घेऊन मी सदाभाऊंच्या समोर उभी राहिले तेव्हा मला त्यांच्याकडं पाहवेना. ते म्हणाले, "काऊन रडून राह्यल्या? कोणी त सुटलं ना इथून."

मी निघायच्या आठवडाभर आधी पलीकडच्या काठावर एक बंडी येऊन थांबली. डोंग्यातून एक बाई उतरली, हातात पितळी डबा, डोक्यावर गाठोडं, मागं एक उंच, सावळी मुलगी. सदाभाऊंची आई पावसातच गेली होती. तेव्हा टपाल बंद होतं, आणि वाट उघडल्यावर पत्र न पाठवता यशोदाबाई स्वतःच निघाल्या; त्यामुळं त्यांना ते आत्ता कळलं. ते खाली बसले. यशोदाबाई त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या, रडू दिलं, मग म्हणाल्या, "मायची सेवा झाली. आता तुमाले तिकडं येऊ देत नाई, त आमीच आलो. पाणी चढलं त चढलं. तिघंबी इथीच राहू."

मला आनंद व्हायला हवा होता. पण ती गळकी खोली, ती बुरशी, तो बंद काठ, आणि त्यात आणखी दोन जीव, असंच मनात आलं. पोर बापाशी बोलत नव्हती. आईच्या पदराआडून त्यांना न्याहाळायची. ते तिला हाक मारायचे नाहीत, नुसते तिच्या वाटेतून बाजूला व्हायचे.

मी निघाले त्या सकाळी तिघंही नदीवर आले. काठावर अजून गाळ होता. डोंगा सुटला आणि मी मागं वळून पाहिलं. यशोदाबाई हात हलवत होत्या. सुमी थोडी अलीकडं, एकटी उभी होती. डोंगा बघायला ती पुढं आली आणि तिचा पाय सरकला. पडता पडता तिनं जवळ होता तो हात धरला. तो सदाभाऊंचा होता. पाय सावरल्यावरही तिनं तो सोडला नाही. बहुतेक तिच्या लक्षात आलं नसावं.

मी हात हलवला. सदाभाऊंनी हलवला नाही. त्यांचा दुसरा हात मोकळा होता, पण तोही त्यांनी उचलला नाही. डोंगा मधल्या धारेला लागून काठ झाडांमागं जाईपर्यंत ते तसेच, जरासुद्धा न हलता, त्या चिखलात उभे होते.